काळी पाचची वच्छला

देवपुरातल्या बायका पांझरेवर धुणं आपटताना एकमेकींना सांगत, "झुलालभाऊंची वच्छी नाटकात गेली." सांगताना आवाज खाली, कान मात्र वर. १९३४ साली सतरा वर्षांच्या पोरीनं तोंडाला रंग लावून परक्या माणसांपुढं गायचं, म्हणजे धुळ्याला चार महिने पुरेल एवढा मसाला होता. झुलालभाऊंनी तर पानवाल्याच्या दुकानावरून जायचा रस्ताच सोडला.

गिरणाविलास संगीत मंडळीचे मालक भाईदासनाना मात्र खूश. पोरीचा आवाज उंच, म्हणून त्यांनी हस्तपत्रकावर छापलं: 'काळी पाचमध्ये गाणारी खानदेशची कोकिळा.' पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीत सूर धरायचा, म्हणजे खेळ नव्हे. भल्याभल्यांना तिथं पोचायच्या आधीच खोकला येतो. वच्छलाला त्या छापील ओळीचा भारी तोरा. पत्रक घडी घालून उशीखाली ठेवायची म्हणे.

जळगावला रविवारी दुपारचा खेळ होता आणि बाईसाहेबांचा घसा बसला. बसणारच. आदल्या दिवशी मेहरूणची बोरं ओच्यानं खाल्ली होती. ती गुपचूप इसाकभाईंकडे गेली. ते कंपनीचे पेटीवाले, तीस वर्षांपासूनचे.

"भाई, आज आवाज वर जात नाही. जरा खालची पट्टी धराल? नानांना नका सांगू."

"काळी चार धरतो," इसाकभाई म्हणाले. "तू बेलाशक गा. कोणाच्या बापाला कळत नाही." तबलजीलाही त्यांनी उतरत्या सुराचा तबला घ्यायला लावला.

कळलं ते मगनशेठ सराफांना. शेठ तिसऱ्या रांगेत बसायचे आणि खिशात सूर तपासायची शिट्टी बाळगायचे. सोनं कसाला लावावं तसं गाणं लावायचे. पहिला अंक पडताच ते शिट्टी फुंकतच रंगपटात शिरले.

"नाना, जाहिरात पाचची अन् माल चारचा? आम्ही असं केलं तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल."

सगळी कंपनी गोळा झाली. नानांनी वच्छलाकडे पाहिलं. "काय गं?"

तिच्या डोळ्यांपुढं उशीखालचं पत्रक आलं. "मला काय माहीत, नाना? भाईंनी सूर दिला, तो मी घेतला."

इसाकभाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग टोपी सारखी करून म्हणाले, "चुकलो, मालक. वय झालं."

"मग घरी बसा. धुळ्याच्या खेळाला दुसरा पेटीवाला बघतो," नाना म्हणाले.

एवढं होईल असं तिला वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून तिला जेवण जाईना, पेटीसमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना. चौथ्या दिवशी ती जळगावातच मेहरूणला, इसाकभाईंच्या घरी गेली. दार इसाकभाईंच्या बायकोनं, नूरबीनं उघडलं.

"ये बेटी. घसा कसा शे आता?"

ते ऐकून पोरीला तोंड कुठं लपवू असं झालं.

इसाकभाई बाजेवर बसले होते. "नोकरीचं राहू दे," ते म्हणाले, "पेट्या दुरुस्त करून पोट भरेल. पण तीस वर्षांत मी कोणाला खोटा सूर दिला नाही. आणि दिला, असं चारचौघांत माझ्याच तोंडानं कबूल केलं. का, तर तू लेकराएवढी."

ती पाया पडायला वाकली. त्यांनी पाय बाजेवर घेतले.

तिनं नानांना खरं सांगितलं. नाना म्हणाले, "पत्रकं छापून झाली. आता तोंड शिवून बस."

धुळ्याला थिएटर गच्च भरलं. झुलालभाऊंची पोर किती बिघडली ते बघायला निम्मं देवपूर आलं होतं. बायकांच्या बाजूला तिची आई ताईबाईही अंग चोरून बसली होती. नांदी झाली, पडदा उठला, राणीच्या वेशात वच्छला पुढं आली. नव्या पेटीवाल्यानं सूर दिला. तिनं तो घेतला नाही.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "घसा माझा बसला होता. सूर खाली घ्या, असं मीच सांगितलं, आणि आळ दुसऱ्यावर घातला."

डोळ्यांतून पाणी आलं. आणि धुळेकर रसिक ते. काय प्रवेश रंगला म्हणत त्यांनी टाळ्या पिटल्या. मागून आवाज आला, "वन्समोर!" मग सगळीकडून तेच.

एकदा डोळे मिटून माणूस कबूल करून टाकतं. तेच पुन्हा, मागणीवरून कबूल करायचं म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रंग ओघळून हनुवटीवर आला होता. विंगेतून नाना गाणं सुरू कर म्हणून हात हलवत होते. तिनं टाळ्या थांबू दिल्या. मग पाठ केलेली नाटकातली भाषा सोडून घरच्या बोलीत म्हणाली,

"हाई नाटक नही शे, भाऊ. मी झुलालभाऊनी वच्छी. मेहरूणना इसाकभाईनी चुकीना सूर दिधा नही. खोटं मी बोलनू. मन्हामुये तेस्नं काम गयं."

या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. ताईबाईनं पदर डोळ्यांवर ओढला.

ही बातमी, धुळ्यालाही तिसऱ्या रांगेत येऊन बसलेल्या मगनशेठांनीच मेहरूणला पोचवली, आणि नानांनाही इसाकभाईंना बोलवायला माणूस पाठवावा लागला. आठवड्यानं इसाकभाई आले, पेटीशी बसले. त्या सबंध हंगामात त्यांनी वच्छलाला रोज बिनचूक काळी पाच दिली. शब्द मात्र एकही दिला नाही. ती खाली मानेनं सूर घ्यायची आणि गायची.