बाळंतखोलीची फेरपरीक्षा

सरकारी दवाखान्यात दोन गोष्टी साठत जातात. एक फायली, दुसरे किस्से. फायलींना वाळवी लागते, मग त्या जाळायला परवानगी लागते, आणि त्या परवानगीची आणखी एक फाईल होते. किस्स्यांना वाळवी लागत नाही. ते दरवर्षी थोडे वाढतात, आणि त्या वाढण्यात माझा हात असतो असं आमच्या घरचे म्हणतात. खोटं नाही. पण पुढचं सगळं मी औषधाच्या खिडकीतून पाहिलेलं आहे, आणि वीस वर्षं गोळ्या मोजणारा माणूस मोजून मोजून किती जास्त मोजणार?

आमचा दवाखाना सोलापूरच्या दक्षिणेला. इथं अर्धं गाव मराठीत भांडतं, अर्धं कन्नडमध्ये, आणि समेट चहावर होतो. मध्यंतरी वरून गुणवत्तेची तपासणी आली. तीन माणसं दिवसभर फिरली, नळ सोडून पाहिले, कॉटखाली वाकून पाहिलं. औषधं पास, लॅब पास, बाळंतखोली नापास. कारणांत पहिलंच होतं, 'रुग्णांशी वागणूक'. सहा महिन्यांनी फेरतपासणी, आणि तेव्हाही नापास झालो तर बाळंतपणं बंद. बायकांनी सोलापूर गाठायचं.

ती खोली कांबळे सिस्टरांची. बावीस वर्षं तिथंच. गावातल्या निम्म्या पोरांनी आईच्या आधी सिस्टरांचं तोंड पाहिलेलं. सोलापूरचा रस्ता कसा आहे आणि कळा सुरू झालेल्या बाईचं त्या रस्त्यावर जीपमध्ये काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको. त्यांनी नापासाचं ते पत्र कॅलेंडरवर चिकटवलं, बरोबर तारखांवर, आणि म्हणाल्या, "नापास करतात व्हय. बघू की."

त्या दिवसापासून आमच्याकडं सुधारणा सुरू झाली. म्हणजे सगळ्यांचे हाल सुरू झाले.

*

पहिली सुधारणा हात धुण्याची. बेसिनवर पोस्टर लागलं. तळवे, मागची बाजू, बोटांच्या फटी, अंगठा, असं ओळीनं. त्यावर लक्ष ठेवायला सिस्टरांनी गुरप्पामामांना नेमलं. मामा आमचे सगळ्यात जुने शिपाई, रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं, आणि इतक्या वर्षांत हातात अधिकार पहिल्यांदाच आलेला.

डॉक्टर माने घाईत आले, हात ओले केले, टॉवेलकडं वळले. मामांनी टॉवेल पाठीमागं घेतला.

"साहेब, अंगठा राहिला."

"मामा, मी एम.बी.बी.एस. आहे."

"आसाल की. अंगठा राहिला."

डॉक्टरांनी अंगठा धुतला. मामा शेजारी उभं राहून कन्नडमध्ये मोजत होते, ओंदू, एरडू, मूरू. दहा झाल्यावर टॉवेल मिळाला. "आता दुसरा," मामा म्हणाले.

*

दुसरी सुधारणा माझ्याच खात्यात. ज्या औषधाची एक्सपायरी जवळ ते पुढं ठेवायचं, लांबची ते मागं. मी मामांना कपाट लावायला घेतलं आणि दोन तास हा एकच नियम घोकून घेतला.

मामांना नियम फारच पटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीच्या रांगेत गडबड ऐकू आली. मामा लोकांना निरखून पाहत होते आणि रांग नव्यानं लावत होते. म्हातारी माणसं पुढं, तरणी मागं.

ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांना त्यांनी दंडाला धरून पहिला नंबर दिला. आजोबा खूश. म्हणाले, "का रं, आज माझीच एवढी सेवा?"

"नियम हाय. ज्याची एक्सपायरी जवळ, त्यो पुढं."

मी खिडकी लावून घेतली. आजोबांनी विचार केला, मागं उभ्या असलेल्या आजींकडं पाहिलं आणि म्हणाले, "मग हिला मागंच ऱ्हाऊ दे. हिला एक्सपायरीच न्हाय."

आजी म्हणाल्या, "मागंच ऱ्हाते की. तुमास्नी लावून दिल्याबिगर मी कुटं जातेय."

त्या दिवशी कांबळे सिस्टरांनी मामांना झाडलं. आणि मग गुणवत्तेच्या फायलीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ज्येष्ठांसाठी प्राधान्य रांग : सुरू'.

*

मग चादरी. दर दिवसाला वेगळा रंग. सोमवारी पांढरी, मंगळवारी हिरवी, बुधवारी गुलाबी. दारातूनच कळावं की आज चादर बदललीय की नाही. कल्पना उत्तम होती. गावातल्या बायका वार विसरल्या की दवाखान्यात डोकावून जायच्या. एका पेशंटच्या बायकोनं नवऱ्याला मंगळवारी घरी न्यायला नकार दिला, कारण उद्या गुलाबी होती आणि तिला ती बघायची होती.

एका मंगळवारी हिरव्या चादरी वाळल्याच नाहीत. पांढऱ्याच राहिल्या.

दुपारी गुरप्पामामा भिंतीला टेकून बसलेले, तोंड उतरलेलं. सिस्टरांनी विचारलं, "काय मामा, जेवला नाहीत?"

"सोमवार हाय की. उपास."

"सोमवार काल झाला. आज मंगळवार."

मामांनी वॉर्डातल्या सगळ्या कॉटांवरून नजर फिरवली. मग डबा उघडला, भाकरीवर शेंगाचटणी घेतली आणि पहिला घास तोंडात असतानाच म्हणाले, "उपाशी माणूस मेला तर दवाखान्यावर नाव येतंय. चादरी टायमावर बदलत जावा."

*

तक्रारपेटीचा किस्सा एवढा हसण्यासारखा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचा कळणार नाही.

पेटी दारात लावली. महिन्याभरात तिला हळदीकुंकू लागलं, कारण फट असलेल्या पेटीचा आमच्याकडं एकच अर्थ असतो. उघडायच्या दिवशी किल्ली हरवलेली. मामांनी हातोडी आणली. आत एक लग्नपत्रिका, एक लाईटबिल आणि दोन चिठ्ठ्या.

पहिली चिठ्ठी : 'वॉर्डातला पंखा लई करकरतोय. पण काढू नका, आता त्याच्याबिगर झोप येत न्हाय.'

दुसरी डॉक्टर मान्यांनी उघडली आणि परत घडी घातली. सिस्टरांनी हात पुढं केला. "द्या इकडं." आणि सगळ्यांसमोर स्वतःच मोठ्यानं वाचली. 'कळांचं काय वाटलं न्हाय. सिस्टर खेकसल्या त्याचं वाटलं.'

संध्याकाळी त्या माझ्या खिडकीशी आल्या.

"भाऊ, खरं सांगा. मी खेकसते?"

आता अशा वेळी शहाणा माणूस खोटं बोलतो. मी म्हणालो, "सिस्टर, तुमचा आवाज चढला की माझ्या कपाटातल्या बाटल्या एकमेकींना धरतात."

त्या हसल्या नाहीत. "दोन बाया आत, एक दारात आणि हाताखाली कुणी नाही, असं असलं की चढतो. पण तिला काय त्याचं? तिची पहिलीच खेप असणार."

दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीवर त्यांच्या गालात लवंग असायची. आवाज चढायला लागला की लवंग चावायची. पहिल्या आठवड्यात एक पुडी संपली. चौथ्या आठवड्यात बाळंतखोलीतून 'बाळा' आणि 'राजा' ऐकू यायला लागलं. पंख्याची करकर मात्र तशीच ठेवली.

*

फेरतपासणीला बाहेरच्या जिल्ह्यातल्या एक मॅडम आल्या. दोरीला चष्मा, हातात क्लिपबोर्ड. दुपारपर्यंत सगळं पाहून झालं. बेसिनवर मामांनी त्यांचाही अंगठा धुवून घेतला. राहिलं एकच पान, वागणुकीचं. "हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भरणार नाही," मॅडम म्हणाल्या. बाळंतखोली राहणार की जाणार, ते त्या पानावर होतं.

तेवढ्यात सुरेखा आली. वस्तीवरची पोरगी, दुसरी खेप. पहिली सिस्टरांच्याच हातची, लवंगेच्या आधीच्या काळातली. तिला विचारून मॅडम पडद्याशी उभ्या राहिल्या. मी दाराबाहेर इंजेक्शनांचा ट्रे घेऊन. आत काय झालं ते मी ऐकलं, आणि उरलेलं सुरेखा स्वतःच गावभर सांगत फिरली.

"ये बाळा," सिस्टर म्हणाल्या. "घाबरू नको. पाणी देऊ का राजा?"

सुरेखानं सिस्टरांकडं पाहिलं. मग डॉक्टरांकडं. मग परत सिस्टरांकडं.

"सिस्टर, काय झालंय?"

"काही नाही गं. सगळं छान चाललंय."

"छान न्हाय. मला खरं सांगा."

"खरंच छान आहे, राजा."

सुरेखानं भोकाड पसरलं. "आत्याबाई, हितं या ओ. माझं काय खरं न्हाय. सिस्टर गोड बोलाय लागल्यात."

सासू माझ्या शेजारीच होती. तिनं दारातून विचारलं, "काय म्हणल्या?"

"राजा म्हणल्या!"

सासू मटकन बाकावर बसली. "राजा म्हणल्या? आगं बया. कुनीतरी गाडी बगा, सोलापूरला न्यावं लागतंय."

डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकले, तिलाही ऐकवले. उपयोग शून्य. डोकं दिसायला लागलेलं आणि सुरेखा जोर लावायचं सोडून देवांची नावं घेतेय. सिस्टर गोडीत समजावताहेत, ती आणखी घाबरतेय. शेवटी तिनं सिस्टरांचं मनगट धरलं.

"पाया पडते. मागच्यागत वरडा की ओ. म्हंजी मला कळंल समदं बरं हाय."

सिस्टरांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी कोऱ्या पानाकडं पाहिलं.

"ओरडू?" सिस्टरांनी विचारलं.

"वरडा."

"नक्की?"

"आवो वरडा की!"

सिस्टरांनी लवंग चावून गिळली.

"सुरेखे, रडणं बंद! हनुवटी छातीला, दम धर, आणि लाव जोर. देवाला नंतर हाक मार, आधी माझं ऐक!"

माझ्या ट्रेमधल्या बाटल्या वाजल्या. बाकावरची सासू उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "गाडी नगो. आली लायनीवर." व्हरांड्यातल्या गुरप्पामामांनी हात पहिल्यापासून धुवायला घेतले.

पाचव्या मिनिटाला पोरगी रडली. आवाज सिस्टरांच्या तोडीचा.

तासाभरानं मॅडम क्लिपबोर्ड घेऊन सुरेखाच्या कॉटशी बसल्या. सिस्टर पायथ्याशी, नजर फरशीवर.

"सिस्टर तुमच्यावर ओरडल्या का?"

"व्हय."

मॅडमचं पेन कागदावर टेकलं. "मग? त्रास झाला तुम्हाला?"

"कशाचा त्रास? त्या न्हायच म्हणत हुत्या. मीच सांगितलं तवा वरडल्या. त्येबी दोनदा इचारून."

मॅडमनी पान उलटलं. परत मागं आल्या. चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबल्या. 'कोणतीही कृती करण्यापूर्वी रुग्णाची संमती घेतली जाते का?'

आणि 'होय'वर टिक केली.