धागा बांधलेल्या शेंगा

आमच्याकडे चवळीला बरबटी म्हणतात, आणि माझ्या आईला बरबटीपुढे दुसरी भाजीच दिसत नाही. धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ती दरवर्षी घरचंच बियाणं टोचते. शेंगा मोजक्याच लागतात, पण आजूबाजूची सगळी बरबटी पिवळ्या रोगानं झोपली तरी तिची हिरवीगार. पिकांच्या नव्या जाती तयार करणं ही माझी नोकरी. आमच्या संशोधन केंद्रावरची सुधारित जात शेंगांनी लगडते आणि रोग आला की आडवी होते. आईच्या वेलाचा पराग त्या जातीवर घ्यायचा, एवढं साधं काम. साधं म्हणे!

संध्याकाळी मिटलेली कळी चिमट्यानं उघडून आतले पुंकेसर काढायचे आणि सकाळी दुसऱ्या फुलाचा पराग लावायचा. जरा धक्का लागला की कळी गळाली. त्यात केंद्रावरच्या वाफ्यांतली रोपं पाण्यानं कुजली, म्हणून मी ती जात आईच्या शेतात उंच कोपऱ्यात पुन्हा लावली. केंद्राच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, "मॅडम, यंदा संकराचं बी आलं नाही तर बरबटीचं काम बंद." शनिवारी नोकरीच्या गावाहून, फुलचूरहून निघायचं, आईच्या गावासाठी कोहमाऱ्याला बसमधून उतरायचं, संध्याकाळी कळ्या उघडायच्या आणि रविवारी सकाळी परागाला बसायचं. शेवटी थोड्या शेंगा धरल्या. ओळखू याव्यात म्हणून त्यांना लाल धागा बांधला आणि आईला बजावलं, "धागेवाल्या शेंगांले कोणी हात लावाचा नाई."

शेंगा पिवळसर व्हायला लागल्या होत्या. एका रविवारी शेतात गेले तर धागे नाहीत, शेंगाही नाहीत.  तशीच धावत घरी आले. आई चुलीपुढे होती.

"माय, धाग्याच्या शेंगा कुठी हायेत?"

"शिजाले टाकल्या. आज नवं नाई का!"

नवं म्हणजे नव्या पिकाचा पहिला घास देवाला. तो दिल्याशिवाय आमच्या घरात ते पीक कोणी तोंडात घालत नाही. आणि देवाच्या वाट्याची शेंग कोणी चुकून खुडू नये म्हणून तिला धागा बांधतात, हे मी विसरलेच होते.

"तुले सांगतलं होतं ना! काऊन तोडल्या?"

"तूच त म्हणली, कोणी हात लावाचा नाई. मंग देवाच्याच ना?"

मी पातेलं चुलीवरून खाली ओढलं. पाण्यातून नुकती वाफ निघायला लागली होती. हात घातला, चांगलाच चटका बसला, तरी शेंगा वेचून काढल्या.

"देवाचं हाये वं ते!" आई ओरडली.

"देवाले दुसरं दे. माह्यं सगळं यातच हाये."

रागानं माझं डोकं फिरलं होतं. शेंगा रुमालात बांधल्या आणि तडक बसस्टँड गाठला.

दाणे सावलीत वाळवून खोलीवरच्या कुंडीत पेरले. रोज माती उकरून बघावीशी वाटायची. उगवलं ते एकच रोप. मग दुसरी धाकधूक. सुधारित जातीचं फूल पांढरं, आईच्या वेलाचं जांभळं, आणि संकरात जांभळा रंग वरचढ. पांढरं आलं तर पराग लागलाच नव्हता, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. कळी टपोरी झाली त्या दिवसांत आई माझ्याकडे राहायला आली होती.

सकाळी बघते तर जांभळं! मी अशी ओरडले की आई हातातला चहा घेऊन धावत आली. वाकून बघितलं तिनं, पण हात लावला नाही.

"चाल, आज बाजारातून बरबटी आणू," मी म्हटलं.

"मी नाई खात. तवापासून नाई खाल्ली. देवाचं नवं राहून गेलं ना."

 इतके महिने मला पत्ताही नव्हता. म्हटलं, "मंग दुसऱ्या कोणत्या शेंगा काऊन नाई दिल्या?"

"देवाच्या म्हणून ज्या तोडल्या, त्याच द्या लागते."

"हे रोप त्याच शेंगांतलं हाये. याची पहिली शेंग दे मंग."

"याच्या दाण्याचं तू का करशीन?"

मी सांगितलं. सगळे दाणे पेरायचे. प्रत्येक झाड वेगळं निघेल, कोणी तुझ्या वेलावर जाईल, कोणी दुसऱ्यावर. लगडलेलं आणि रोगालाही न भिणारं एखादंच असेल. ते कोणत्या दाण्यात आहे, आधी कोणालाच कळत नाही.

आईनं चहा खाली ठेवून कुंडी जरा उन्हाकडे सरकवली. मग म्हणाली, "पेर सगळे. मी नाई खाल्ली त मरत नाई."