दरड आली तर?

सरळ वाटेवर माझ्या मावशीच्या यजमानांइतका अविश्वास दाखवणारा माणूस उभ्या रत्नागिरीत दुसरा झाला नाही. कुणी नुसतं "उद्या मुंबईला निघालोय" म्हणायचा अवकाश, काका चष्मा कपाळावर सारून विचारणार, "आणि दरड आली तर?" मग रेल्वे बंद पडल्यावर कुठं उतरायचं, तिथून कुठली एस्टी, ती हुकली तर कुठल्या खाडीवरची फेरीबोट, हे सगळं ऐकल्याशिवाय त्यांच्या घरी चहासुद्धा मिळत नसे. मांडवीला पाय मोकळे करायला गेले तरी एका रस्त्याने जात आणि दुसऱ्याने परत येत. दुसरा रस्ता जागेवर आहे ना, हे बघायला. माझ्या लग्नाचं वऱ्हाड रेल्वेने चिपळूणला निघालं, तेव्हा काकांनी रस्त्याने मागोमाग एक रिकामा टेम्पो आणवला होता. रेल्वे वेळेवर पोचली. काकांचं तोंड मात्र पंगत उठेपर्यंत उतरलेलं होतं.

मावशीची इच्छा एकच, दापोलीजवळच्या आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जायचं. लेकीच्या बाळंतपणात बोललेला नवस होता आणि आता नात शाळेत जायला लागली होती. पण दापोलीकडे रेल्वे नाही. खेडला उतरून पुढे एस्टी. दुसरी वाट जयगडवरून, म्हणजे दोन खाड्या आणि दोन फेरीबोटी, आणि त्यातली एक बंद असली तर? दरवर्षी बेत ठरे आणि दरवर्षी मोडे. मावशी म्हणायची, "यांना देवळालाही मागचा दरवाजा लागतो."

गेल्या श्रावणात एकदाचे निघाले. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. मावशीच्या पिशवीत नवसाचा नारळ होता. तेवढ्यात घोषणा झाली, पुढे दरड कोसळलीय, गाड्या बंद. काकांचा चेहरा असा उजळला, की जणू दरड त्यांनीच आमंत्रण देऊन बोलावली असावी. "बघ! चल, जयगडवरून जाऊ," म्हणत ते उठले. पण शेजारी गणपतीपुळं बघून परत निघालेलं एक कुटुंब रडकुंडीला आलं होतं. त्यांना काकांनी आंबा घाटातून पुण्याला जायची वाट सांगितली. ते ऐकून अडकलेल्या गाडीतले पर्यटकही भोवती जमले. कुणाला मार्लेश्वर गाठायचं होतं, कुणाला गुहागर. "घाबरताय काय? वाट हाय!" काका ओरडत होते. फलाट रिकामा झाला तेव्हा जयगडची एस्टी केव्हाच निघून गेली होती. मावशी पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसली होती. "सगळ्यांना पोचवलंत," ती शांतपणे म्हणाली, "आता मला घरी तरी न्या." काकांनी रिक्षा बोलावली. मला त्या दिवशी दोघांचंही फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर मावशीचे गुडघे गेले. तिला एस्टीची पायरीही चढवेना, आणि काकांच्या सगळ्या वाटा त्या पायरीशीच संपल्या. मग एका सकाळी पाहिलं, तर दारात भाड्याची गाडी उभी होती आणि काका मावशीला हाताला धरून आत बसवत होते. आंजर्ल्याला निघाले होते. मी सवयीने विचारलं, "आणि मधेच रस्ता बंद असला तर, काका?"

काकांनी मावशीच्या मांडीवरची नारळाची पिशवी नीट ठेवली.

"तर थांबू तिथंच," ते म्हणाले. "ही बरोबर हाय ना."