एका पायरीची शिडी

आमच्या गावात हेलिकॉप्टर एकदाच आलं, आणि उतरलं ते पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला का नाय उतरलं, ते गावात कुणालाही विचारा. बोट माझ्याकडेच दाखवतील.

मी बाळ्या. डोंबिवली स्टेशनला रिक्षा चालवतो. शाळेत गेलेलो चौथीपर्यंत, म्हणजे चौथीच्या वर्गाच्या दारापर्यंत. आम्ही खाडीकाठचे कोळी. माझा मोठा भाऊ, हिरादादा, खाडीत जाळी लावायचा. मला पण त्याने लहानपणी शिकवायला घेतलेलं, पण मी होडीत पाय ठेवला की होडीलाच मळमळायचं. (हे दादाचं बोलणं. माझं नाय.) म्हणून मी तीन चाकांवर आलो, आणि तो पाण्यावरच राहिला.

त्या मे महिन्यात दादा पहाटेचा गेला तो आलाच नाय. दुपारी होडी सापडली, पालथी, पार मुंब्र्याच्या अंगाला. दादाच्या नेहमीच्या खुंटांवर, म्हणजे तो जाळी बांधायचा तिथे, पोरांनी आधीच बघितलेलं. अग्निशमनवाल्यांनी रबरी बोट फिरवली. ओहोटीला बोट चिखलात बसायची, आणि भरतीला तिवरांच्या झाडीत काय दिसायचं नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी अग्निशमनचे साहेब बोलले, "हेलिकॉप्टर येतंय. वरून बघतील. पण खाडी माहीत असलेलं कुणीतरी बरोबर पाहिजे."

खाडी माहीत असलेली माणसं गावात पुष्कळ. पण ती सगळी खाडीतच होती, दादाला शोधत! काठावर उरलं कोण? म्हातारे, बाया, पोरं आणि एक रिक्षावाला.

साहेबांनी मला कबड्डीच्या मैदानात उभं केलं. "नीट ऐका. पंखा बंद होणार नाही. मी हात केला की मगच जायचं. पुढून, पायलटला दिसाल असे. कमरेत वाकून. शेपटीकडे अजिबात जायचं नाही, तिथला पंखा फिरताना दिसतसुद्धा नाही."

"आणि बाकीच्यांनी?"

"लांब. टोपी, टॉवेल, पिशवी, उडेल असं काही नको. आणि उडालंच तर उडू दे, मागे धावायचं नाही."

एवढं बोलून त्यांनी माझ्या गळ्यात शिट्टी घातली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी शिट्टी दिलेली! नायतर मी नेहमी शिट्टी ऐकून रिक्षा बाजूला घेणारा. आता मी काय सोडतो! पोरांच्या टोप्या काढल्या. दोऱ्यांवर सुकत घातलेले बोंबील उतरवले. पत्र्यांवर दगड ठेवले. बकऱ्या बांधल्या. धर्माकाका वल्हं उभं धरून आलेले, त्यांना ते आडवं करायला लावलं.

"अरे मेल्या, हे वल्हं काय उडनार हाय?"

"काका, वल्हं नाय, तुम्ही उडाल!"

चांगूआजीने तर कवळी काढून पदराला गाठ मारली.

आमची आय मैदानाच्या कडेला बसलेली. मी शिट्टी वाजवत समोरून चाललो तसं तिने माझा हात धरला.

"बाळ्या, त्याच्यात हिरा बसेल ना रं?"

"बसेल की आय. मोठं असतं ते."

"भिजलेला असंल. सीट खराब व्हईल, म्हणून नाय म्हनतील."

मी बोललो, "माझ्या रिक्षात मासळीच्या टोपल्या घेतो ना मी? तसंच." आणि शिट्टी जोरात वाजवली.

तेवढ्यात साहेब लांबून ओरडले, "मधोमध मोठा एच काढा! पांढरा! आणि मैदानावर पाणी मारा, धूळ उडते!"

"एच म्हणजे कसा, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग हवेत हातवारे केले. "शिडी काढा, शिडी! एकाच पायरीची!"

हे असं सांगा ना! मंडळाच्या खोलीत कबड्डीच्या रेषा मारायची पांढरी फक्की होती, गोणीच्या गोणी. साहेब म्हणालेले मोठा, म्हणून मी रेषा नाय मारली, बांध घातला. हा असा जाड! ढगातून दिसला पाहिजे, आणि भाऊ माझा हाय, आखडता हात कशाला? मग पाणी. बंब काय गल्लीत शिरेना, आणि नळाला पाणी येतं संध्याकाळी. तर बायांनी पिण्याचे हंडे आणून मैदानात ओतले. मी शिट्टी वाजवून एकेकीला सांगत होतो, "इकडे मारा! तिकडे मारा! ए, शिडीवर नको! पुसली जाईल माझी शिडी!"

सगळं मैदान चिंब. शिडी कोरडीठाक, कडक इस्त्रीची.

हेलिकॉप्टर आलं. आधी आवाज, मग सावली, मग वारा. पत्रे हलले नाय, टोप्या उडल्या नाय, काकाचं वल्हं आडवं. मी छाती काढून उभा. आणि शिडी उठली! अख्खी! आधी पायरी, मग दोन्ही खांब. पांढरा डोंगर उभा राहिला मैदानात. मला माझी शिट्टी दिसेना. हेलिकॉप्टर त्या ढगात जरा डुललं आणि घाबरल्यासारखं वर गेलं.

ढग खाली बसला तेव्हा सगळं गाव पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखं झालेलं. बकऱ्या पांढऱ्या. काका पांढरे. चांगूआजी तोंड मिटून गाठीतली कवळी चाचपत होती. साहेबांचे फक्त डोळे ओळखू येत होते, आणि ते माझ्यावर होते.

"शिडी कोरडी ठेवलीत?"

"साहेब, ओली केली असती तर पुसली असती!"

साहेबांनी वायरलेस कानाला लावला. ऐकलं. हळू बोलले, "त्यांना जमीन दिसत नाही. अशात उतरले तर सगळेच जातील. पाणी मारा नाहीतर ते परत जाणार. घिरट्या घालायला तेल नाही त्यांच्याकडे."

पाणी! सगळे हंडे मीच रिकामे करून घेतलेले, शिट्टी वाजवून वाजवून. मी वर बघितलं. हेलिकॉप्टर खाडीवर वळत होतं. मला वाटलं, चाललं. दादाला घ्यायला आलेलं आणि माझ्या हुशारीपायी परत चाललं.

तेव्हा मंगलवहिनी घरातून आली. दादाची बायको. कमरेवर हंडा. दादा खाडीवरून आला की कितीही भूक असली तरी आधी चिखलाचं अंग धुवायचा. म्हणून तो निघाला की वहिनी मोरीत हंडा भरून ताटली झाकून ठेवायची. कालपासून तो हंडा तसाच होता. पिण्याचं पाणी मागितलं तेव्हा तिने दिलं, हा मात्र बाहेर काढलेला नाय.

"सरका, भावजी."

"वहिनी, हा दादाचा—"

"माहीत हाय. सरका. तो आला की दुसरा भरीन."

आणि ती वाकून त्या शिडीवर पाणी सोडत चालली, एक थेंब बाहेर न सांडता, अंगणात सडा घालावा तशी. ते बघून सगळ्या बाया घराकडे पळाल्या. डाळ भिजवलेलं पाणी आलं, भांड्यांचं आलं, मासे धुतलेलं आलं. चांगूआजी पेलाभर घेऊन आली, तो कशासाठी होता ते कवळीला माहीत! शिडी पार पुसली गेली. कबड्डीच्या मैदानावर नुसता मासळीबाजाराचा वास. आणि हेलिकॉप्टर उतरलं.

साहेबांनी हात केला. मी वाकलो. पुढून गेलो. सगळं बरोबर केलं. एका माणसाने मला पट्ट्यात आवळलं, कानावर वाट्या लावल्या आणि त्यातून विचारलं, "बोलो भैया, किधर?"

आता खरी गंमत. मला काय ओळखेना!

मी खाडी बघितलेली ती खालून, घाबरत, होडीची कड धरून. वरून ती म्हणजे लादीवर सांडलेला चहा. कुठून पण कुठे पण ओघळ. मी डावीकडे बोट दाखवलं, तिथे फ्लेमिंगोंचा थवा उठला. उजवीकडे दाखवलं, तिथे मिठागर. स्टेशनला पॅसेंजरने पत्ता चुकीचा सांगितला की मी काय काय बोलतो ते सगळं आठवलं. तो माणूस मात्र चिडला नाय. नुसता पुन्हा विचारायचा, "किधर?"

आणि मग मला खाली खुंट दिसले. आमच्या बाबांच्या वेळची जुनी रांग, आत तिवरांमध्ये. गाळ भरला म्हणून कधीचीच सोडलेली, तिकडे आता कुणी जात नाय. सगळे खुंट सरळ, आणि शेवटचा वाकडा. तो माझा! दादाने मला खाडीत उतरवलं त्या दिवशी ठोकलेला. तो वाकडा बघून दादा हसून हसून होडीत लोळलेला. मी बोललो, "काढ, सरळ करतो." तर म्हणाला, "राहू दे रे. लोकांना सांगता येईल, आमचा बाळ्या पण खाडीत उतरलेला."

"वो टेढा वाला," मी बोललो. "वो मेरा है."

दादा तिथेच होता. पालथ्या होडीपासून भरतीने आत ढकलला असेल. त्याने कमरेला दोर बांधून घेतलेला, त्या वाकड्या खुंटाला. सरळ सोडून माझाच खुंट का धरला, ते मी त्याला विचारणार होतो. एक माणूस दोरावरून खाली गेला. बराच वेळ दादाजवळ चिखलात उभा राहिला. मग वर बघून त्याने मान हलवली. ती कशी हलवतात ते सगळ्यांना माहीत असतं, त्याला शाळा लागत नाय.

दादाला भरती आल्यावर बोटीने आणायचं ठरलं. मला आधी मैदानात सोडलं. पट्टा काढला. मी वाकलो, पुढून निघालो. समोर सगळं पांढरं गाव उभं होतं. आय होती. हेलिकॉप्टर माझ्यामागे उडून गेलं, वारा पडला, आवाज पार ठाण्याकडे गेला, आणि मी आपला वाकूनच चाललोय. मैदान संपलं, गल्ली लागली, मी वाकलेला. धर्माकाका ओरडले, "बाळ्या, गेला रं तुझा पंखा!" पोरं हसली. त्यांना काय माहीत.

दाराशी मला पाय दिसले. बाजूला खाली ठेवलेला रिकामा हंडा.

"भावजी," वहिनी बोलली, "सरळ व्हा."

मी झालो नाय. ती खाली बसली, हंडा मांडीवर घेतला आणि त्याचं तोंड हाताने झाकून बसली.

आता आमच्या पोरांना अग्निशमनवाले शिकवायला येतात तेव्हा साहेब मलाच उभं करतात. "पाणी कसं मारायचं नाही ते यांना विचारा. पण वाकायचं कसं, तेही यांच्याकडूनच शिका." मग मी वाकून दाखवतो, पोरं टाळ्या वाजवतात. वाकण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाय! फक्त परत सरळ कधी व्हायचं, ते त्या दिवशी साहेबांना विचारायचं राहून गेलं. शिट्टी वाजवायच्या नादात.