दोष ऑटोफोकसचा

लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या माणसाकडे दोनच गोष्टी साठत जातात. एक हार्डडिस्क, दुसरी किस्से. हार्डडिस्क निदान कधीतरी उडते. किस्से काही केल्या उडत नाहीत! चहाच्या टपरीवर एकानं सुरुवात केली की दुसऱ्याला आठवतो, दुसऱ्याचा संपायच्या आत तिसरा तोंड उघडतो, आणि शेवटी टपरीवालाच म्हणतो, "रफिकभाई, घरी जा आता."

आमचा स्टुडिओ दिग्रसला. अब्बांनी काढला, मी चालवतो. एडिटिंगला राठोड, तांड्यावरून रोज मोटरसायकलनं येतो आणि आल्या आल्या कानाला हेडफोन लावतो. कॅमेऱ्यावर गजाभाऊ. या सगळ्या किश्श्यांचा नवरदेव तोच. नवरदेव म्हटलं ते नुसतं म्हणायला, कारण शेकडो लग्नं शूट करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं लग्न काही जमत नव्हतं. स्थळ आलं की बोलणं ठरलेलं.

"पोरगा काय करते?"

"लग्नात असते."

"कोणाच्या?"

"दुसऱ्यांच्या."

झालं! पाहुणे चहा पिऊन परत. गजाभाऊची आई, आम्हा सगळ्यांची मावशी, दर वेळी पदरानं डोळे पुसायची. पोरगा चांगला, निर्व्यसनी, पण वेड एकच, लेन्सचं. आणि काहीही बिघडलं तरी त्याचं उत्तर एकच. फ्रेममध्ये नवरीऐवजी पंखा आला? "रफिकभाई, ऑटोफोकस!" चहा सांडला? "ऑटोफोकस!"

*

आम्ही मोठा कॅमेरा विकून मिररलेस घेतला तेव्हा मी तो कौतुकानं अब्बांना दाखवायला नेला. अब्बांनी आयुष्यभर खांद्यावर तोफेएवढा कॅसेटवाला कॅमेरा वाहिलेला. त्यांनी हे तळहातावर मावणारं यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ये कॅमेरा है के साबनदानी?"

अब्बांचं सोडा हो, पण पहिल्याच लग्नात मुलीचे वडील गजाभाऊजवळ आले. "फोटोवाले तं आले. व्हिडिओवाले कधी येनार?"

"मीच व्हिडिओवाला, काका."

"याच्यानं? अन् आमचे एवढे पाहुणे याच्यात मावतीन का?"

दुसऱ्या लग्नापासून मी अब्बांचा जुना कॅमेरा बाहेर काढला. मशीन केव्हाच मेलेलं, फक्त वरचा लाइट लागायचा. तो खांद्यावर घेऊन मी मांडवभर फिरलो. काय तो मान! सरबत आलं, खुर्ची आली, बायकांनी पदर सावरले, म्हाताऱ्यांनी टोप्या नीट केल्या आणि सगळं वऱ्हाड माझ्याकडे पाहून पुतळ्यासारखं उभं राहिलं. मी पुढे गेलो की लोक सैल व्हायचे, आणि बाजूच्या खांबाआडून गजाभाऊ त्यांना साबणदानीत पकडायचा.

त्या लग्नाचा व्हिडिओ इतका सुंदर झाला की मुलीचे वडील पेढे घेऊन आले. पेढे मला दिले. गजाभाऊला म्हणाले, "तुमीही शिका यायच्यापासून."

*

मग गजाभाऊनं पंच्याऐंशीची लेन्स घेतली. वन पॉइंट फोर. नवरीचा चेहरा असा येतो की तिच्या सासूनंही माया करावी, आणि मागचं सगळं मऊ, धूसर. त्यासाठी त्यानं मावशीनं त्याच्याच लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे घातले. मावशी स्टुडिओत येऊन मला म्हणाली, "रफिक, याले म्या सून आन म्हटलं, तं यानं भिंग आनलं!"

या लेन्सला झूम नसतो. फ्रेममध्ये जास्त माणसं हवी असतील तर आपणच मागे सरकायचं. पुसद रोडवरच्या एका लॉनवर दोन लग्नं शेजारीशेजारी होती, मध्ये फक्त कनात. इकडे गुरुजींनी सप्तपदी सुरू केली आणि आमचा गजाभाऊ गायब! मी फोन लावला.

"कुठं हायेस बे?"

"घरचे सगळे फ्रेममधी मावत नव्हते. मांगं मांगं सरकलो."

"मांगं म्हनजे कुठवर?"

"कनातीच्या पलीकडं. हे लोक चांगले हायेत, रफिकभाई. पंगतीत बसवलं मले. बुंदी वाढून राह्यले."

"अबे भैताडा, इकडं सप्तपदी चालू हाये!"

"दिसून राह्यली ना! कनातीच्या फटीतून फ्रेम काय मस्त येऊन राह्यली, बाप्पा!"

*

फिका व्हिडिओ हा आमच्याकडचा आणखी एक रोग. पुढे रंग नीट चढवता यावेत म्हणून आम्ही मुद्दाम फिकं शूट करतो. पाहायला ते राखेत लोळवल्यासारखं दिसतं. गिऱ्हाइकाला दाखवायचं नसतं, हा नियम. हळदीच्या दिवशी राठोड लॅपटॉपवर सकाळी काढलेले शालू-दागिन्यांचे शॉट पाहत बसला होता आणि मागे नवरीची आई कधी येऊन उभी राहिली ते त्याला हेडफोनमुळे कळलंच नाही.

"माय वं! शालूचा रंग उडाला!"

राठोड काही सांगायच्या आत बाई शालू पिशवीत घालून यवतमाळला! दुकानदारानं शालू उन्हात नेला, लाइटखाली नेला, थेंबभर पाणी लावून पाहिलं. लालभडक. बाई म्हणाली, "इथं लाल दिसते, व्हिडिओत उडते. मंग लग्नानंतर म्या इले उन्हात पाहू का व्हिडिओत?" दुकानदारानं हात जोडून एक साडी वर दिली.

संध्याकाळी राठोडनं त्यांना हात जोडून समजावलं. "काकू, थे कच्चं हाये. फोडनी बाकी हाये."

बाई म्हणाली, "मंग फोडनी देऊन दाखवा ना! बिनाफोडनीचं वरन कोनी पाहुन्याच्या ताटात वाढते का?"

तेव्हापासून आमच्या स्टुडिओत कलर ग्रेडिंग हा शब्द बंद. "राठोड, फोडणी दिली का?" एवढंच विचारतो.

*

पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. कुणीतरी गजाभाऊला सांगितलं, ऊन दाखव. तो कामाला गेल्यावर मावशीनं लेन्स गच्चीवर नेली आणि नव्या चादरीवर मिरच्यांच्या शेजारी मांडली. दुपारी धूर! भिंगातून ऊन एका जागी आलं आणि चादरीला बरोब्बर रुपयाएवढं भोक.

मावशी ती चादर घेऊन स्टुडिओत आली. आधी रडली. "पोरीवाले आले का हेच अंथरायची होती रे!" मग भोकातून गजाभाऊकडे पाहून म्हणाली, "अन् तू म्हन्तं फोकसची चूक होते. पाय ना, कसा बरोब्बर धरला!"

*

ऑटोफोकस माणसाचे डोळे शोधतो. ही फार चांगली सोय आहे, पण डोळे कुणाचे हे त्याला कळत नाही.

दिग्रसच्या एका लग्नात स्टेजच्या बाजूला आमच्या भागातल्या एका साहेबांचा फ्लेक्स होता. नवदाम्पत्यास शुभेच्छा, हात जोडलेले, आणि डोळे ताटलीएवढे. वरमाला सुरू झाली आणि कॅमेऱ्यानं ते डोळे धरले ते सोडलेच नाहीत. नवरी धूसर, नवरदेव धूसर, हार धूसर. साहेबांच्या गालावरचा तीळ मात्र मोजून घ्यावा!

"मॅन्युअलवर टाकाव ना, गजाभाऊ," राठोड ओरडला. "हातानं धराव!"

"आजकाल हातानं फोकस कोन धरते बे? लय मन लावा लागते त्याले."

नवरदेवाचे वडील व्हिडिओ पाहायला आले तेव्हा आम्ही तिघं दाराजवळ उभे. पळायला सोपं. त्यांनी वरमाला पाहिली. पुन्हा लावायला सांगितली. मग डोळे टिपले. ते साहेबांचे कट्टर कार्यकर्ते निघाले! "लग्न तं सगळ्यायचंच होते," ते म्हणाले, "पन साहेबायचा असा आशीर्वाद कोनाले भेटते?"

*

पण सगळेच असे निघत नाहीत. राळेगावचे वामनकाका निघाले नाहीत.

त्यांच्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायचा मान त्यांचा. गुरुजींची नाही, स्वतः रचलेली! रात्र रात्र जागून. त्यासाठी नवा फेटा, नवं जाकीट, मिशीला पीळ. माइकसमोर उभे राहिले आणि काय आवाज लावला! शेजारच्या वावरातली ढोरं मान वर करून पाहायला लागली.

व्हिडिओ पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काका थेट राळेगावहून एसटीनं आमच्या दारात.

"कोन थो? कोनी मले पुसलं?"

आम्ही व्हिडिओ लावला. खरंच, आवाज कडक, पण काका म्हणजे नुसता एक भगवा-पांढरा ढग. आणि त्यांच्या खांद्यामागे करवलीच्या हातातला दिवा मात्र लख्ख.

"पाय! मांगचा दिवा दिसते! दिव्यातली वात दिसते! वातीवरचं काजय दिसते! अन् मी नाई दिसत!"

गजाभाऊ खाली मान घालून म्हणाला, "ऑटोफोकस, काका."

"म्हनजे काय असते थे?"

"मशीन आपोआप धरते. मॅन्युअल असलं का हातानं धरा लागते. हे आपोआप झालं."

"मंग आता आपोआप साफ कर! फडक्यानं पूस!"

राठोडनं कॉम्प्युटरवर काकांना धारदार करायचा दिवसभर प्रयत्न केला. शेवटी चेहरा होता तसाच राहिला आणि मिशी तेवढी सुटी होऊन हवेत तरंगायला लागली. काकांनी ती पाहिली, जाकीट झटकलं आणि दारातून ओरडले, "साऱ्या सोयऱ्यायनं पाह्यलं हे! धुकं झालं माह्यं, धुकं! तुमच्या घरचं कार्य निंगू द्या, मंग सांगतो!"

*

त्यानंतर बरेच महिने गेले. गजाभाऊनं मुली पाहायला जाणंच सोडलं होतं. मावशी स्थळ सांगायची, हा लेन्स पुसत बसायचा. एक दिवस त्याच्या मामानं राळेगावचं स्थळ आणलं आणि हा पठ्ठ्या एका शब्दात "चला" म्हणाला! मावशीला इतका आनंद झाला की तिनं मलाही ओढून नेलं. एसटीत गजाभाऊ यवतमाळपर्यंत बोलला नाही आणि यवतमाळनंतर तर अजिबातच नाही.

आम्ही घरासमोर उतरलो. दार उघडलं. दारात मिशी!

वामनकाकांनी मला पाहिलं, गजाभाऊला पाहिलं. पाहुण्यांना दारातून कसं हाकलणार, म्हणून "या" म्हणाले. आम्ही बसलो. मामा बिचारा अनभिज्ञ. "पोराचा सोताचा धंदा हाये, काकाजी. व्हिडिओचा..."

"ठावं हाये मले!" काका कडाडले. "यानंच मले साऱ्या सोयऱ्यात धुकं केलं! माही मंगलाष्टकं, माहा फेटा, अन् यानं काय दाखवलं? मांगचा दिवा! ज्याले मानसं दिसत नाई, दिवे दिसते, त्याले मी पोरगी देऊ?"

मावशीनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. या घरातून चहासुद्धा न घेता उठायची वेळ येणार, हे तिला कळलं होतं. मला त्या माउलीकडे बघवेना.

तेवढ्यात मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. सगळं ऐकलं असणार, कारण काकांचा आवाज तिथून चौकापर्यंत जात होता. तिनं ट्रे शांतपणे खाली ठेवला. मान वर केली.

"बाबा, थो दिवा कोनाच्या हातात होता?"

काकांनी मुलीकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं, जणू अख्खा व्हिडिओ तिथे पुन्हा चालू झाला होता. मग हळूहळू गजाभाऊकडे वळले.

"काहून रे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता, "तू तं तवा ऑटोफोकस म्हनत होता ना?"

मी मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं. हो म्हण, गजाभाऊ, हो म्हण! दोष मशीनचा म्हण आणि सूट!

गजाभाऊनं पोह्यांकडे पाहिलं. मुलीकडे पाहायची हिंमत झाली नाही.

"नाई, काका," तो म्हणाला. "मॅन्युअल होता."