सावलीतली गाडी

रोज दुपारचा चहा ताराबाई गाडीत बसून घेत. जठारपेठेतल्या त्यांच्या घरासमोर, कडुनिंबाखाली, एक जुनी मिनीबस उभी असे. ड्रायव्हरशेजारची सीट त्यांची. नाकाला नळी, पायाशी ऑक्सिजनचं यंत्र, आणि यंत्राची वायर घराच्या खिडकीतून आलेली. हरिहर गुरुजी स्टिअरिंगसमोर येऊन बसले की त्या विचारत, “कुठवर आलो?”

“अकोट गेलं,” गुरुजी सांगत. कधी म्हणत, “अंजनगाव.” कधी, “परतवाडा. आता घाट लागेल.”

“मग हळू घ्या.”

गाडी जागची हललेली नसे. चहा संपला की दोघं घरात येत.

गुरुजींचं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या घरांची वास्तुशांत करण्यात गेलं होतं. बायकोला घेऊन कुठं जायचं राहून गेलं, म्हणून उतारवयात त्यांनी एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस घेतली. आत पलंग, शेगडी, हात धुवायचं भांडं असं सगळं बसवून घेतलं. ताराबाईंनी जुन्या साड्यांचे पडदे शिवले. पडदे लागले आणि त्याच हिवाळ्यात त्यांची फुफ्फुसं आखडू लागल्याचं कळलं. यंत्राशिवाय राहणं बंद झालं. वायर पुरेल तेवढाच प्रवास उरला.

ताराबाईंना चिखलदऱ्याला जायचं होतं. त्या नांदगाव खंडेश्वरच्या. शाळेच्या सहलीबरोबर एकदा तिथं गेल्या होत्या. “बाई म्हणाल्या, समोर दरी आहे. आम्ही माना डोलावल्या. दिसत होतं नुसतं धुकं. घरी येऊन मी दरीवर निबंध लिहिला, तर वर्गात पहिला आला. तेवढं एक खोटं खरं करून टाकायचं आहे.”

अमरावतीला नोकरी करणारा त्यांचा मुलगा गौरांग म्हणाला, सिलेंडर घेऊन मोटारीनं जाऊन येऊ. पण घाट चढून एका दिवसात परतणं आईला झेपणार नव्हतं. मुक्काम करायचा, तर तिथली वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. शेवटी त्यानं कुलदीपला पाठवलं. कुलदीप गच्च्यांवर सोलरच्या पाट्या बसवायचा. तो टपावर चढला, मापं घेतली आणि खाली येऊन म्हणाला, “बसते गुरुजी. बॅटरी मोठी लागंल. दिवसभर गाडी उन्हात ठेवा, मशीन रातभर चालते. पण सावलीत लावली तं मंग काहीच खरं नाही.”

“अकोल्याच्या उन्हात? आतला माणूस भाजून निघेल.”

“वरती चिखलदऱ्याले कुठं एवढं ऊन हाय? तुमी काहून घाबरून राहिले?”

ताराबाई हसल्या. “त्यांना विचारू नकोस रे. ते पंचांगाला विचारतील.”

आणि तसंच झालं. पंचांगात अधिक महिना लागत होता, धोंड्याचा. त्यात नव्या वस्तूचा आरंभ नाही, वाहनाचं तर नाहीच. महिना सरला की लगेच पहिला चांगला दिवस गुरुजींनी कुलदीपला नेमून दिला.

“तोवर पाऊस येईल,” ताराबाई म्हणाल्या. “परत धुकंच पाहायचं का मी?”

“पावसाला यंदा उशीर आहे म्हणतात.”

“परवा खुशालरावांना तुम्हीच सांगितलं न, गोठ्यावर पत्रे टाका, दुरुस्ती आहे, चालते म्हणून?”

“ती दुरुस्तीच होती.”

“मग ही पण दुरुस्तीच म्हणा. गाडी जुनी, मी जुनी. यात नवं काय आहे?”

लोकांना गुरुजींनी जन्मभर वाटा काढून दिल्या होत्या. अडलेल्या माणसाला शास्त्र आडवं घालू नये, असं त्यांचे वडील म्हणत, आणि तेही तसंच वागत आले होते. पण हिच्या डोक्यावर जे छत येणार, ज्याच्यावर हिचा श्वास चालणार, त्यात सुताएवढी खोट राहू नये असं त्यांना वाटत होतं. पुढं काही झालं तर मनाला काय सांगायचं? जी सूट त्यांनी सगळ्या अकोल्याला दिली, ती बायकोला देताना त्यांचा हात मागे आला.

ताराबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. चहाला बसल्या की तेवढं विचारत, “कुठवर आलो?” गुरुजी मात्र हल्ली परतवाड्याच्या पुढं जाईनात.

महिना सरायला थोडे दिवस उरले असताना, एका पहाटे, यंत्र चालू असतानाच ताराबाई गेल्या. आभाळ अजून कोरडं होतं. गौरांगच्या तोंडून निघून गेलं, “आज वर दरी स्वच्छ दिसत असेल.” मग त्यानं बाबांकडे पाहिलं.

नेमल्या दिवशी सकाळी कुलदीप पाट्या घेऊन दारात आला. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. गुरुजींचं केस उतरवलेलं डोकं पाहून तो पायरीवरच थांबला.

“परत घेऊन जातो गुरुजी.”

“बसव.”

“सुतक चालू हाय न तुमचं?”

“बसव म्हटलं न.”

कुलदीपनं गौरांगकडे पाहिलं. गौरांगनं मान डोलावली. दुपारपर्यंत टपावर ठोकाठोक चालली. ज्या घरात त्या दिवसांत देवापुढं दिवासुद्धा लागत नव्हता, त्याच्या दारात नवं काम उभं राहिलं. जाणारे-येणारे बघत होते. गुरुजी ओट्यावर बसून राहिले.

काम झाल्यावर कुलदीप खाली उतरला. “चार्जिंग पाहू एकदा. तेवढी गाडी उन्हात घ्या, गुरुजी.”

गुरुजी किल्ली घेऊन गाडीत चढले. शेजारच्या सीटवर तिची चहाची बशी अजून उपडी होती. त्यांनी गाडी चालू केली. इंजिन थरथरत राहिलं. मग त्यांनी ते बंद केलं.

“काय झालं, बाबा?” गौरांगनं विचारलं.

गुरुजींनी बशी उचलून मांडीवर घेतली. गेल्या त्याच्या आदल्या दुपारी चहाला निघताना ताराबाई उंबऱ्याशी श्वास घ्यायला टेकल्या होत्या, आणि दारातून गाडीकडे बघत म्हणाल्या होत्या, “अहो, ऊन सरकलं बघा. गाडी जरा सावलीत घ्या, सीट तापते.”