सत्तेचाळीस टक्क्यांचे पेढे

लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं मी शेंद्र्याच्या एका कंपनीत मुलाखतीला निघालो होतो. इंजिनिअरिंगला एक्कावन्न टक्के पडलेले. शेजारच्यानं काही विचारू नये म्हणून खिडकीबाहेर तोंड करून बसलो होतो. तेवढ्यात समोर पेढ्यांचा पुडा आला.

पुडा धरणारी मुलगी माझ्याच वयाची होती. ओढणी कमरेला खोचून ती लग्नघरातल्यासारखी बाकाबाकाशी वाकून आग्रह करत होती. "घ्या मावशी, इंजिनिअर झाले!"

"टक्के किती पडले, पोरी?" एका काकांनी पेढा तोंडाशी नेत विचारलं.

"सत्तेचाळीस!" अख्ख्या डब्याला ऐकू गेलं.

काकांचा हात थांबला. "एवढ्यावर नोकरी कोण देणार?"

"ते मी बघते, काका. चार वेळा अडकलेलं गणित सुटलंय माझं, लई घाम गाळलाय. तुम्ही पेढा खा." आणि त्यांनी खाईपर्यंत ती कमरेवर हात ठेवून तिथंच उभी राहिली.

मुलाखतीत साहेबांनी टक्क्यांवर बोट ठेवलं. "इतके कमी?"

एरवी माझी मान खाली गेली असती. "व्हय सर, एक्कावन्न," मी तिच्यासारखाच खणखणीत बोललो. "आता कामाचं विचारा."

त्यांनी बराच वेळ मशीनबद्दल विचारलं आणि म्हणाले, "सोमवारपासून या."

तिचं नाव विचारायचं राहिलंच. पण पेढे विकत घेऊन परतीच्या गाडीत मी पहिल्या बाकापासून पुडा फिरवला. टक्के कुणीच विचारेना. शेवटी मीच ओरडून सांगितले.